एका छायाचित्रापासून शकावलीपर्यंत: ब्रिटिश लष्करी वैमानिकाची कारकीर्द कशी शोधावी

प्रश्न असा आहे. देवळालीतील एका जुन्या बंगल्याचे सामान आवरताना एका कुटुंबाला लष्करी गणवेशातील तरुण गोऱ्या अधिकाऱ्याचे छायाचित्र सापडले. छातीवर वैमानिकाचे पंख आहेत, पंखांखाली पदकाची एक लहानशी फीत आहे आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने दोन आद्याक्षरे, एक आडनाव आणि 'देवळाली, १९२०' एवढेच लिहिलेले आहे. घरातील वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत की हा साहेब पणजोबांचा स्नेही होता, 'आर.ए.एफ.मध्ये स्क्वाड्रन लीडर' होता आणि महायुद्धात त्याने एक झेपेलिन, म्हणजे जर्मनांचे वायूने भरलेले अवाढव्य हवाई जहाज, पाडले होते. एवढ्या भांडवलावर त्याची खरी कारकीर्द शोधता येईल का आणि सुरुवात कुठून करावी, अशी विचारणा आहे.

शोधता येईल. पहिल्या महायुद्धातील वैमानिकांचे कागद मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे आणि माझा अनुभव असा आहे की बहुतेकांचा शोध कागदांच्या अभावी अडत नाही, तो नावाच्या मागे धावल्यामुळे अडतो. नाव हा या कामातला सर्वांत कच्चा धागा आहे. पक्का धागा म्हणजे तारीख आणि त्या तारखेला तो माणूस ज्या तुकडीत होता ती तुकडी. म्हणून पहिल्याच दिवशी एक कोरी वही घेऊन त्या माणसाची शकावली मांडायला घ्यावी. डावीकडे तारीख, मग ठिकाण, तुकडी आणि हुद्दा, आणि शेवटच्या रकान्यात ही नोंद कोणत्या कागदावरून घेतली ते. हा शेवटचा रकाना कधीही रिकामा ठेवू नये. घरातील आठवण असेल तर 'ऐकीव' असे स्पष्ट लिहावे. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही, आणि इथेही तोच फरक शेवटपर्यंत सांभाळायचा आहे.

सर्वांत आधी छायाचित्रच नीट वाचावे, कारण तोही एक अस्सल कागद आहे. ब्रिटिश लष्कराची हवाई शाखा, म्हणजे रॉयल फ्लाइंग कोअर, १३ एप्रिल १९१२ रोजी स्थापन झाली. नौदलाची स्वतंत्र हवाई शाखा, रॉयल नेव्हल एअर सर्व्हिस, १ जुलै १९१४ पासून अधिकृत झाली आणि या दोन्ही मिळून १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्स, म्हणजेच आर.ए.एफ., तयार झाले. तेव्हा तुमच्या अधिकाऱ्याच्या अंगात कोणाचा गणवेश आहे, यावरच पुढचे कागद कुठे शोधायचे हे ठरते. छातीवर एकावर एक येणारा, बाहेरून गुंड्या न दिसणारा बंद अंगरखा असेल तर तो फ्लाइंग कोअरचा. नेहमीचा लष्करी कोट आणि त्यावर पंख असतील, तर तो माणूस आपल्या मूळ पायदळ किंवा तोफखाना पलटणीचा गणवेश घालून उडत होता आणि कॉलरवरील बिल्ल्यावरून ती पलटणही ओळखता येते. पंखांच्या जोडीऐवजी एकच पंख आणि त्याच्या मुळाशी इंग्रजी 'ओ' अक्षर असेल, तर तो ऑब्झर्व्हर होता, म्हणजे मागच्या बैठकीवरून टेहळणी करणारा आणि बंदूक चालवणारा. पुष्कळ जण आधी ऑब्झर्व्हर आणि मग वैमानिक झाले, त्यामुळे कोणताही एक बिल्ला म्हणजे साऱ्या कारकिर्दीचा पुरावा नव्हे.

खांद्यावरचे तारे भिंगाखाली मोजावेत. एक तारा सेकंड लेफ्टनंटचा, दोन लेफ्टनंटचे, तीन कॅप्टनचे. स्क्वाड्रन लीडर हा हुद्दा ऑगस्ट १९१९ मध्ये अस्तित्वात आला. तोपर्यंत नव्या हवाई दलातही लष्करी हुद्देच चालत होते. लेफ्टनंटचा फ्लाइंग ऑफिसर झाला, कॅप्टनचा फ्लाइट लेफ्टनंट आणि मेजरचा स्क्वाड्रन लीडर. तेव्हा छायाचित्रात दोनच तारे दिसत असतील, तर हा माणूस १९२० पर्यंत स्क्वाड्रन लीडर झाला असण्याची शक्यता फार कमी आहे. घरच्या आठवणीत 'स्क्वाड्रनमधला अधिकारी' याचे कालांतराने 'स्क्वाड्रन लीडर' होणे मात्र सहज शक्य आहे.

फितीकडे मी विशेष लक्ष वेधतो. हवाई दलातील शौर्यासाठीचा डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस आणि शत्रूशी प्रत्यक्ष गाठ नसलेल्या उड्डाणातील कामगिरीसाठीचा एअर फोर्स क्रॉस ही पदके ३ जून १९१८ रोजी सुरू झाली. त्यांच्या फितीवरचे पट्टे सुरुवातीला आडवे होते आणि १९१९ च्या उन्हाळ्यात ते तिरके करण्यात आले. म्हणजे आडवे पट्टे दिसले तर छायाचित्र जून १९१८ नंतरच्या साधारण वर्षभरातले असण्याचा संभव मोठा, मग मागे १९२० लिहिलेले का असेना. मागचा मजकूर बहुधा छायाचित्र भेट देताना लिहिलेला असतो, काढताना नव्हे. पहिल्या फितीचे पट्टे जांभळे आणि पांढरे, दुसरीचे तांबडे आणि पांढरे. त्या काळातील छायाचित्रणाच्या बऱ्याचशा प्लेटांना तांबडा रंग दिसत नसे, त्यामुळे तांबडे पट्टे जवळजवळ काळे उमटतात आणि जांभळे त्या मानाने फिकट येतात. मूळ प्रत शक्य तेवढ्या जास्त रिझोल्यूशनने स्कॅन करून हा फरक पाहावा. त्यावर निर्णय देऊ नये, पण राजपत्रात आधी कोणती यादी चाळावी हे त्यावरून नक्कीच ठरवता येते.

आता नावाविषयी. या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलाच फसलो आहे. एका अधिकाऱ्याची शकावली चार महिने बांधत होतो आणि ती अगदी सलग जुळत चालली होती. मग एके दिवशी लक्षात आले की एकाच तारखेला तो फ्रान्समधील रुग्णालयात दाखल आहे आणि त्याच सकाळी गस्तीवरून परतला आहे. एकच आडनाव आणि तीच दोन आद्याक्षरे असलेले दोन अधिकारी मी एकमेकांत विणून टाकले होते. तेव्हापासून माझा नियम असा आहे की पूर्ण नाव, जन्मतारीख आणि मूळ पलटण यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय कोणतीही नोंद शकावलीत शाईने लिहायची नाही, तोवर ती पेन्सिलीनेच राहते.

नाव कसे दगा देते आणि तारीख व ठिकाण कसे तारून नेते, याचे मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण मुंबईचे आहे. श्रीकृष्ण वेलिंकर हे मुंबईचे तरुण ब्रिटिश हवाई दलात लेफ्टनंट झाले आणि २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन हे एकआसनी लढाऊ विमान चालवत होते. जून १९१८ च्या अखेरीस ते गस्तीवरून परतले नाहीत. ब्रिटिश बाजूच्या कागदांत ते बेपत्ता होते. जर्मनांनी मात्र त्यांना रीतसर दफन केले होते, पण त्यांच्या नोंदीत नाव झाले होते 'एस. सी. वुमकर'. हाताने लिहिलेल्या रोमन अक्षरांच्या उभ्या रेघा एकमेकींत मिसळल्या की 'वेलिंकर'चे असे रूप कसे होत असेल, हे ते अक्षर एकदा स्वतः गिरवून पाहिले की उमगते. युद्धानंतर चौकशी झाली तेव्हा हा 'वुमकर' कोण याचा उलगडा झाला आणि आज त्यांची समाधी फ्रान्समधील हँगार्ड येथील युद्धस्मशानात त्यांच्या खऱ्या नावाने उभी आहे. कोणी नुसती नावाची वर्णानुक्रमे यादी चाळत बसला असता, तर त्याला ही कबर कधीच सापडली नसती. आपल्याकडची आडनावे रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिली जातात हे आपल्याला माहीत असते, पण इंग्रजी आडनावांचीही तीच गत आहे. शेवटी एक 'ई' जास्त, जोडाक्षरी आडनावाचा अर्धाच भाग, अशा नोंदी पावलोपावली भेटतात.

म्हणून दुसरी पायरी म्हणजे लंडन गॅझेट, अर्थात ब्रिटिश सरकारचे राजपत्र. आपण आजही 'राजपत्रित अधिकारी' म्हणतो तो शब्द याच पद्धतीतून आलेला आहे: अधिकाऱ्याची पहिली नेमणूक, बढती, एका दलातून दुसऱ्या दलात बदली, राजीनामा आणि शौर्यपदक हे सारे तिथे छापले जात असे. हे राजपत्र संगणकावर विनामूल्य शोधता येते. मात्र छापील अक्षरांवरून यंत्राने तयार केलेल्या मजकुरात चुका पुष्कळ असल्यामुळे नाव सापडले नाही तर निराश न होता, पलटणीचे नाव आणि महिना टाकून पाने स्वतः डोळ्यांखालून घालावीत. राजपत्राची तारीख आणि घटनेची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही कायम ध्यानात ठेवावे. एखादी बढती जुलैत छापलेली असली तरी ती मार्चपासून लागू असू शकते, आणि शकावलीत लागू झाल्याची तारीख घ्यायची असते.

राजपत्राला जोडून एअर फोर्स लिस्ट पाहावी. एप्रिल १९१८ पासून निघू लागलेली ही अधिकाऱ्यांची छापील यादी आहे. त्याआधीच्या काळासाठी आर्मी लिस्ट आणि नेव्ही लिस्ट आहेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने यांचे बरेचसे खंड संगणकावर उपलब्ध करून दिले आहेत.

यानंतर लंडनजवळच्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जकडे वळावे. तिथे कागद माणसांच्या नावावर लावलेले नाहीत, ते ज्या खात्याने निर्माण केले त्या खात्यानुसार लावलेले आहेत. ही गोष्ट उमगली की अर्धे काम सोपे होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हवाई दलात असलेल्या अधिकाऱ्यांची सेवापत्रके 'एआयआर ७६' या मालिकेत आहेत आणि ती घरबसल्या मागवता येतात. आपल्याकडच्या सरकारी सेवापुस्तकाची आठवण व्हावी असाच हा कागद असतो: जन्मतारीख, जवळच्या नातलगाचा पत्ता, तुकड्यांमधील नेमणुका, वैद्यकीय मंडळाचे शेरे आणि कधी कधी कोणकोणत्या जातीची विमाने चालवली त्यांची यादी. काही पत्रके भरगच्च असतात, तर काहींवर चार ओळीसुद्धा नसतात. जो अधिकारी युद्धानंतरही नोकरीत टिकून राहिला, त्याचे पत्रक या मालिकेत न सापडण्याची शक्यता असते, कारण त्याचे कागद हवाई खात्याकडेच राहिले. तुमचा माणूस १९२० मध्ये हिंदुस्थानात असल्याने हा मुद्दा तुम्हाला थेट लागू पडतो.

तो आधी लष्करात असेल तर 'डब्ल्यूओ ३३९' आणि 'डब्ल्यूओ ३७४' या मालिकांत त्याची फाइल असू शकते. पहिलीत मुख्यतः नियमित व तात्पुरते अधिकारी आहेत, दुसरीत टेरिटोरियल फोर्सचे, म्हणजे अर्धवेळ स्वयंसेवक सैन्याचे. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरील बाँबहल्ल्यात लष्करी कागदांचे कोठार जळाले आणि पहिल्या महायुद्धातील सेवानोंदींचा फार मोठा भाग नष्ट झाला. अधिकाऱ्यांच्या मूळ सेवानोंदीही त्यात गेल्या. आज जे हाती येते ते बहुतांशी त्यांच्याविषयीचा पत्रव्यवहार आहे. पण माझ्या मते हा पत्रव्यवहारच कित्येकदा अधिक बोलका असतो: जखमेच्या भत्त्यासाठी केलेला अर्ज, आईने मुलाच्या सामानाविषयी विचारलेली चौकशी, कैदेतून सुटल्यावर दिलेला जबाब. नौदलाच्या हवाई शाखेतील अधिकाऱ्यांसाठी 'एडीएम २७३' पाहावी, आणि तिथे एक खूणगाठ बांधून ठेवावी की १ एप्रिल १९१८ रोजी नौदलाच्या स्क्वाड्रनांच्या क्रमांकात दोनशे मिळवण्यात आले. ८ नेव्हल ती २०८, १० नेव्हल ती २१०. हे माहीत नसेल तर एकाच तुकडीत बसून असलेल्या माणसाची बदली झाली असे वाटते.

लंडनच्या हेंडन भागातील रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये दोन गोष्टी आहेत, ज्यांच्याकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. पहिली म्हणजे रॉयल एरो क्लबच्या प्रमाणपत्रांची कार्डे. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात उडायला शिकलेल्या बहुतेकांनी हे प्रमाणपत्र घेतले होते आणि कार्डावर जन्मस्थळ, जन्मतारीख, व्यवसाय, कोणत्या विमानावर परीक्षा दिली ते, आणि पुष्कळदा छायाचित्रही असते. तुमच्या हातातल्या चेहऱ्याशी ताडून पाहण्यासाठी याहून चांगली जागा नाही. दुसरी म्हणजे अधिकाऱ्यांचे 'कॅज्युअल्टी फॉर्म'. हे नाव वाचून कुटुंबीय घाबरतात, किंवा आपला माणूस जखमी झालाच नव्हता असे म्हणून ते पान उघडतच नाहीत. लष्करी दप्तरात या शब्दाचा अर्थ फार विस्तृत होता: रजेवर गेला, रजेवरून आला, या डेपोतून त्या स्क्वाड्रनमध्ये गेला, रुग्णालयात दाखल झाला, मायदेशी परतला, यांतली प्रत्येक गोष्ट म्हणजे 'कॅज्युअल्टी'. फ्रान्समध्ये उडालेल्या अधिकाऱ्याची शकावली भरण्यासाठी हा एकच फॉर्म दहा कागदांचे काम करतो.

तुकडी आणि तारीख हाती आली, की मग त्या तुकडीचे रोजचे कागद. फ्लाइंग कोअरच्या स्क्वाड्रनांच्या नोंदवह्या, अपघात व बेपत्ता विमानांचे अहवाल आणि हवाई चकमकींचे अहवाल 'एआयआर १' या प्रचंड मालिकेत विखुरलेले आहेत. काही स्क्वाड्रनांचे महिनेच्या महिने आहेत, काहींचे अगदी तुटक. चकमकीचा अहवाल एका ठरीव छापील नमुन्यावर टंकलिखित केलेला असतो. वर डावीकडे स्क्वाड्रन, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, शस्त्रे, वैमानिक आणि ऑब्झर्व्हर. उजवीकडे तारीख, वेळ, ठिकाण, कामगिरी आणि उंची. त्यात निकालाच्या तीन ओळी असतात: नष्ट केले, ताबा सुटून खाली गेले, आणि खाली उतरायला भाग पाडले. या तीन ओळींपैकी आकडा कोणत्या ओळीत आहे हे न पाहता 'इतकी विमाने पाडली' असे लिहिणे ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती छापील चरित्रांतही सर्रास आढळते.

इंद्रलाल रॉय यांचे उदाहरण घ्या. कलकत्त्यात २ डिसेंबर १८९८ रोजी जन्मलेला आणि लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकलेला हा मुलगा ५ जुलै १९१७ रोजी फ्लाइंग कोअरमध्ये सेकंड लेफ्टनंट झाला, ५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये गेला आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला विमान कोसळून जखमी झाला. वैद्यकीय मंडळाने त्याला उड्डाणास अपात्र ठरवले. ते उलटवून तो जून १९१८ मध्ये ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये परतला. ६ जुलैला पहिला विजय, ८ तारखेला तीन, १३ ला दोन, १५ ला दोन, १८ ला एक, १९ ला एक, असे १४ दिवसांत दहा विजय त्याच्या नावावर आहेत. २२ जुलैला कार्व्हिनच्या आसमंतात जर्मन फोकर विमानांशी झालेल्या लढतीत तो पडला. वय अवघे १९. त्याचा डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस राजपत्रात छापून आला २१ सप्टेंबर १९१८ ला, म्हणजे तो गेल्यावर दोन महिन्यांनी. आता या दहांपैकी पाच विमाने नष्ट झालेली आहेत आणि पाच 'ताबा सुटून खाली गेलेली'. काही विजय इतर वैमानिकांबरोबर वाटून घेतलेले आहेत. हे सांगितल्याने त्या मुलाचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. उलट त्या दोन आठवड्यांत तो रोज कशातून जात होता हे त्यामुळेच दिसू लागते. गाजलेले ब्रिटिश लढाऊ वैमानिक एडवर्ड मॅनॉक यांच्या नावावर अनेक वर्षे ७३ विजय छापले जात होते. नोंदी मोजून पाहणाऱ्यांना त्यांतले साधारण ६१ सापडतात. जिथे शक्य असेल तिथे त्याच दिवसाची जर्मन नोंदही पाहावी, आणि ती पाहताना दोन्ही बाजूंच्या घड्याळांत वर्षातील बराच काळ एका तासाचा फरक असे हे विसरू नये.

आता घरातल्या झेपेलिनकडे येऊ. अशा दाव्याची परीक्षा सोपी आहे, कारण जर्मन हवाई जहाजे पाडणाऱ्या वैमानिकांची यादी फार लहान आहे आणि प्रत्येक घटनेचा कागद उपलब्ध आहे. विशेष म्हणजे या यादीतील पहिल्या दोन गाजलेल्या नावांचा जन्म हिंदुस्थानातला आहे. ७ जून १९१५ रोजी बेल्जियमवर एलझेड ३७ हे झेपेलिन पाडणारे रेजिनाल्ड वॉर्नफोर्ड दार्जिलिंगचे, आणि २ व ३ सप्टेंबर १९१६ च्या मधल्या रात्री लंडनच्या उत्तरेस कफ्ली गावाजवळ हवाई जहाज पेटवून पाडणारे विल्यम लीफ रॉबिन्सन कुर्गचे. रॉबिन्सन यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाल्याचे राजपत्र ५ सप्टेंबरलाच निघाले. पण त्यांनी पाडले ते जहाज झेपेलिन नव्हतेच. ते शुटे-लान्झ कंपनीचे, लाकडी सांगाडा असलेले एसएल ११ होते. अधिकृत निवेदनात मात्र ते झेपेलिन एल २१ असल्याचे सांगितले गेले आणि तेच अनेक वर्षे छापले जात राहिले. खरे एल २१ त्यानंतर नोव्हेंबरच्या अखेरीस लोस्टॉफ्टजवळ समुद्रावर पाडले गेले. म्हणजे घटनेच्या दिवशीचा आणि सरकारी शिक्क्याचा कागदही चुकीचा असू शकतो. तो खोटा नसतो, त्या दिवशी तेवढेच माहीत असते. म्हणून एका घटनेला किमान दोन वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या कागदांचा आधार असावा, आणि एक कागद दुसऱ्यावरून उतरवलेला तर नाही ना, हेही तपासावे.

रॉबिन्सन यांची पुढची कारकीर्द तुमच्यासारख्या शोधकाला आणखी एक गोष्ट शिकवते. ५ एप्रिल १९१७ रोजी ४८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सहा ब्रिस्टल फायटर विमाने घेऊन ते गेले आणि प्रख्यात जर्मन लढाऊ वैमानिक रिख्टहोफेनच्या तुकडीशी गाठ पडून त्यांतली चार पडली. रॉबिन्सन कैद झाले, युद्ध संपल्यावर परतले आणि ३१ डिसेंबर १९१८ रोजी इन्फ्लुएंझाने गेले. युद्धबंदीनंतर मृत्यू आला म्हणून त्यांना युद्धमृतांतून वगळलेले नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग पहिल्या महायुद्धासाठी ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरतो, आणि त्याची यादी विनामूल्य पाहता येते. १९२० मध्ये देवळालीत असलेला तुमचा अधिकारी त्यानंतर वर्षभरात दिसेनासा झाला असेल, तर या यादीत त्याचे नाव नाही ना हे अवश्य पाहा.

देवळाली या शब्दावर फार भिस्त ठेवू नका. तिथे मायदेशी जाणाऱ्या सैनिकांची जहाजाची वाट पाहत थांबण्याची मोठी छावणी होती आणि लष्करी रुग्णालयही होते, त्यामुळे तिथे असणे म्हणजे तिथल्या तुकडीत असणे नव्हे. त्याचे स्क्वाड्रन बहुधा वायव्य सरहद्दीकडे असणार. पहिले, ३१ क्रमांकाचे स्क्वाड्रन डिसेंबर १९१५ मध्ये हिंदुस्थानात आले आणि युद्धानंतर आणखी काही आली. इथे मात्र एक खड्डा आहे, ज्यात अनुभवी लोकही पडतात. १ एप्रिल १९२० रोजी हिंदुस्थानातील चार स्क्वाड्रनांचे क्रमांक बदलण्यात आले: ४८ ची ५ झाली, ९७ ची ६०, ९९ ची २७ आणि ११४ ची २८. माणसे तीच, विमाने तीच, ठाणे तेच, फक्त पाटी वेगळी. मार्च १९२० मध्ये ९९ मध्ये असलेला आणि मे मध्ये २७ मध्ये दिसणारा अधिकारी जागचा हललेलाही नसतो.

याच पद्धतीने दुसऱ्या महायुद्धातील वैमानिक शोधायचा असेल तर वाट बरीच सरळ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. प्रत्येक स्क्वाड्रनची महिनावार कामगिरी नोंदवही 'एआयआर २७' मध्ये आहे. तिचे दोन भाग असतात, फॉर्म ५४० म्हणजे दिवसाचा गोषवारा आणि फॉर्म ५४१ म्हणजे प्रत्येक उड्डाणाचा तपशील, त्यात विमानाचा क्रमांक, चालकदल, निघाल्याची आणि परतल्याची वेळ. चकमकींचे अहवाल 'एआयआर ५०' मध्ये आणि बेपत्ता व मृतांविषयीच्या फाइली 'एआयआर ८१' मध्ये. वैयक्तिक सेवानोंदी २०२२ पासून ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाकडून क्यूकडे टप्प्याटप्प्याने हलवल्या जात आहेत, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी ती नोंद आज कोणाकडे आहे हे पाहावे. सार्जंटचा अधिकारी झाला की त्याचा सेवाक्रमांक बदलत असे. राजपत्रात त्याच्या नेमणुकीच्या वेळी जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी छापलेले सापडतात आणि दोन्ही शकावलीत लिहून घ्यावेत. कुटुंबाकडे त्याचे लॉगबुक असेल तर ते सोन्यासारखे आहे. त्यात रात्रीची उड्डाणे लाल शाईने लिहिलेली असतात आणि महिन्याच्या शेवटी बेरजेखाली वरिष्ठाची सही असते. तरीही लॉगबुक कित्येकदा दोन-तीन दिवसांचे एकदम लिहिले जाई, म्हणून तारखेबाबत मतभेद झाला तर मी स्क्वाड्रनच्या नोंदवहीला झुकते माप देतो. पुण्याच्या खडकी युद्धस्मशानात त्या युद्धातील दीड हजारांहून अधिक समाध्या आहेत, आणि हवाई दलाच्या उड्डाणकर्मींच्या शिळेवर सेवाक्रमांकाबरोबर तो वैमानिक होता, नेव्हिगेटर होता की गनर, हेही कोरलेले असते. ज्यांना जमेल त्यांनी एकदा तिथे जाऊन त्या शिळा वाचाव्यात.

आपल्याकडील कुटुंबांसाठी एक वेगळी सूचना. 'आजोबा आर.ए.एफ.मध्ये होते' असे सांगितले जाते तेव्हा ते पुष्कळदा भारतीय हवाई दलात असतात. हे दल ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झाले आणि १९४५ मध्ये त्याच्या नावामागे 'रॉयल' लागले, त्यामुळे आद्याक्षरांचा घोटाळा होतो. त्या अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी क्यूमध्ये शोधू नयेत, त्या भारताच्या संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. मात्र १९४० मध्ये ब्रिटनला पाठवलेल्या २४ भारतीय वैमानिकांपैकी जे ब्रिटिश स्क्वाड्रनांत लढले, उदाहरणार्थ महिंदरसिंग पुज्जी, त्यांची रोजची उड्डाणे 'एआयआर २७' मधील त्या स्क्वाड्रनच्या वहीतच सापडतात. माणूस एका दलाचा आणि कागद दुसऱ्या दलाचा, असे इथे होते.

तुमच्या छायाचित्राच्या बाबतीत मी पुढील क्रम धरीन. आधी तारे, फीत आणि कॉलर यांचे मोठे स्कॅन. मग एअर फोर्स लिस्टचे १९१९ आणि १९२० चे खंड घेऊन ते आडनाव, त्याच्या स्पेलिंगच्या सर्व रूपांसह, आणि ती दोन आद्याक्षरे असलेले सर्व अधिकारी उतरवून काढणे. सामान्य आडनाव असेल तर पाच-सहा निघतील, विरळ असेल तर एकच. त्या प्रत्येकासाठी 'एआयआर ७६' आणि एरो क्लबचे कार्ड पाहून छायाचित्रातल्या चेहऱ्याशी आणि फितीशी जो जुळत नाही तो गाळावा. फीत खरोखरच आडव्या पट्ट्यांची असेल तर जून १९१८ पासून पुढच्या वर्षभरातील राजपत्रांत त्याचे नाव यायलाच हवे. उरलेल्या एकाची १९२० मधली तुकडी ठरली, की तिचे कागद एप्रिलच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही क्रमांकांनी मागवा. आणि पेन्सिलीचा मजकूर पुसट होण्याआधी छायाचित्राची मागची बाजू तिरप्या उजेडात ठेवून आजच टिपून घ्या. दाबून लिहिलेल्या अक्षरांच्या खाचा अशा उजेडात उठून दिसतात आणि आद्याक्षरांत जे 'टी' वाटते ते कित्येकदा 'जे' निघते.